माहेरचं पाणी

इप्पोनसुगी गल्लीतल्या निम्म्या सुना किनुए-सानच्या हातून नटून या गल्लीत आल्या. तिचं दुकान सुई-दोऱ्याचं, पण नानाओ शहर तिला ओळखतं ते नवरीला किमोनो नेसवणारी म्हणून. तिने बांधलेला कमरपट्टा कधी ढळला नाही. नवरीचा श्वास कोंडला तरी चालेल पण किनुएची गाठ सुटायची नाही, असं बायका हसून म्हणायच्या, आणि त्यावर ती आणखी एक हिसडा देऊन पट्टा आवळायची.

एकच गोष्ट गल्लीला उमगत नसे. नवरी सजवायला ही बाई पहाटेपासून हजर, पण लग्नात मध्यस्थ व्हा म्हटलं की हात जोडून मोकळी. आमच्याकडे मध्यस्थीला जोडपं लागतं, आणि किनुए-सान आणि तिचा नवरा एइझो यांच्याइतकं धडधाकट, चारचौघांत न भांडणारं जोडपं गल्लीत दुसरं नव्हतं. ती म्हणायची, गुडघे दुखतात. हे गुडघे तिच्या पस्तिशीतच दुखायला लागले होते, आणि त्याच गुडघ्यांवर ती सणाला टेकडीवरच्या देवळात सगळ्यांच्या आधी पोचायची. लोकांना तो विनय वाटला. विनय वगैरे काही नव्हता. तिने आयुष्यात एकदाच मध्यस्थी केली होती आणि तेवढी एक तिला आयुष्यभर पुरली होती.

ते लग्न शेजारच्याच घरातलं. शेजारी जाळी आणि दोरखंडांचं दुकान. बंदरावरचे कोळी तिथूनच माल नेतात. मुलगी चिगुसा, डोंगरापलीकडच्या वाडीतली. त्या वाडीच्या झऱ्याला लोखंडाची चव आहे. तिथला चहा काळा होतो आणि नवखे पाहुणे एक घोट घेऊन पेला हळूच खाली ठेवतात. नवरी निघाली की तिच्या माहेरचं पाणी बांबूच्या हिरव्या नळकांड्यात भरून मध्यस्थ बाईने स्वतः आणायचं असतं. सासरच्या दाराशी दोन्ही घरांचं पाणी मातीच्या एका वाटीत मिसळायचं, नवरीने ते प्यायचं, आणि वाटी तिथेच दगडावर आपटायची. मग माहेरचं घरचिन्ह काढलेला दारपडदा सारून नवरी पितरांच्या देव्हाऱ्यापुढे जाते. तो पडदा आयुष्यात एकदाच सारायचा.

एइझो नवऱ्या मुलाकडे थांबला होता. नळकांडं घेऊन किनुए-सान पुढच्या गाडीत बसली, नवरी आणि तिची आत्या मागच्या गाडीत. वाडीच्या वेशीवर रीतीप्रमाणे गावकऱ्यांनी रस्त्यात दोर आडवा धरला. पैशांची पाकिटं दिल्याशिवाय आमची पोर नेता येणार नाही, असा गलका सुरू झाला. किनुए-सान खाली उतरली, हसली, वाकली, पाकिटं वाटली. एका म्हाताऱ्याने तर तिला गाणं म्हणायला लावलं. या सगळ्या मानपानात तिला बरंच बरं वाटत होतं, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. पहिल्यांदाच मध्यस्थ झाली होती. मिरवायचं वय होतं. गाडीत परत येऊन बसली तर मांडीखाली ओलं. सीटवर ठेवलेलं नळकांडं कलंडलं होतं, बूच निघून सीटखाली गेलं होतं आणि आत थेंब उरला नव्हता.

झरा मागे, हाकेच्या अंतरावर. पण नवरीची गाडी मागे फिरत नाही. मागे फिरली तर नवरी माहेरी परतते म्हणतात. आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? लग्नाच्या दिवशी आमच्याकडे काही शब्द उच्चारायचेच नसतात. ‘परत’ म्हणायचं नाही, ‘तुटलं’ म्हणायचं नाही, ‘सांडलं’ तर नाहीच नाही. वाटी फोडतात, पण ‘फोडली’ म्हणत नाहीत. किनुए-सान तोंड उघडून म्हणणार काय? की पाणी सांडलं, परत जाऊ या? त्या दिवसाचे दोन निषिद्ध शब्द एकाच वाक्यात आले असते. तिने तोंड मिटलं. गाडी पुढे निघाली आणि सबंध वाटभर तिने रिकामं नळकांडं दोन्ही हातांनी अगदी सरळ धरलं.

जाळ्यांच्या दुकानी पोचल्यावर ती घाईघाईने मागच्या बाजूला गेली. स्वयंपाकघराबाहेर नळ होता. नळकांडं भरत असतानाच दारात नवऱ्या मुलाची आई येऊन उभी राहिली. मात्सुए-सान म्हणजे बोलायला एक घाव दोन तुकडे, आणि नजर घारीची. किनुए-सानने नळ बंद केला. ती म्हणाली, नळकांडं जरा विसळत होते. मात्सुए-सानने तिच्या किमोनोवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं, खांद्यावरचं कोरडं फडकं काढून तिच्या हातात दिलं आणि बूच नीट बसवा एवढंच सांगून त्या आत गेल्या. वाचले, असं किनुए-सानला वाटलं.

दाराशी नळाचं पाणी नळाच्याच पाण्यात मिसळलं. चिगुसा प्यायली. नवरीच्या मोठ्या पांढऱ्या टोपीखाली तिचा चेहरा दिसत नव्हता, पण वाटी ओठांशी धरून ती जरा जास्तच वेळ थांबली. किनुए-सानने वाटी घेऊन दगडावर आपटली. लोकांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी नव्या नवरीला काय सांगायचं म्हणून राहिलं. ती माहेरपणाला जाऊन येऊ दे, मग सांगू. मग दिवस गेले. पोटुशीला कशाला मनस्ताप? मूल झालं, दुसरं झालं. प्रत्येक वेळी सबब इतकी शहाण्यासारखी होती की तिला स्वतःचाच संताप येई. गोष्ट तशी केवढी? ओंजळभर पाणी. पण ओंजळभर पाण्याबद्दल एकदा खोटं बोललं की दर वर्षी ते थोडं वाढतं, हे तिला हळूहळू कळत गेलं.

आणि शेजारचं घर तिच्या डोळ्यांसमोर होतं. चिगुसा आणि मात्सुए-सान यांचं जमलं नाही. भांडण नव्हतं, भांडण असतं तर बरं झालं असतं. दोघी एका टेबलावर जेवायच्या, एका दुकानात उभ्या राहायच्या, आणि कामापुरतं बोलायच्या. चिगुसा सगळ्या गल्लीशी हसून बोलायची, कोळ्यांची थट्टा करायची, आणि सासू आली की चेहऱ्याचं दार लावून घ्यायची. किनुए-सान हे पाहायची आणि मनातल्या मनात झुरायची. दोन घरांचं पाणी एक झालंच नाही, तर माणसं कशी होणार? आणि ते आपल्यामुळे. एइझो जिवंत होता तोवर एकदा तिने त्याच्यापाशी विषय काढला. तो म्हणाला, सासवा-सुना पाण्याविनाच भांडतात, तू पाण्याला कशाला बोल लावतेस. त्याने हसण्यावारी नेलं म्हणून तिने त्यालाही पुढे काही सांगितलं नाही.

एकदा तिने प्रायश्चित्त घ्यायचा घाट घातला. बाटली घेऊन बसने डोंगरापलीकडच्या वाडीत गेली, झऱ्याचं पाणी भरून आणलं आणि चिगुसाला चहाला बोलावलं. उशिरा का होईना, तिच्या पोटात माहेरचं पाणी जाईल, हा हिशेब. चहा अर्थातच काळा झाला. चिगुसाने घोट घेतला आणि पेला हातात धरून ती बसूनच राहिली. हे कुठलं पाणी, असं तिने विचारलं. किनुए-सान म्हणाली, आमच्या नळाची गाळणी बिघडलीय. चिगुसाने चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, उठली आणि घरी गेली. आपण काहीतरी चांगलं केलं, असं किनुए-सानला त्या दिवशी वाटलं. त्या भाबडेपणाची लाज तिला पुढे जन्मभर वाटायची होती.

मग गल्लीने वसंतातलं प्रदर्शन सुरू केलं. पेट्यांत पडून असलेले लग्नाचे दारपडदे बाहेर काढायचे, दुकानांच्या पुढच्या खोल्यांत टांगायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या त्या घरच्या सुनेने आपल्या लग्नाची गोष्ट सांगायची. कल्पना चांगली होती, गर्दीही व्हायला लागली. किनुए-सानच्या दुकानाची आणि जाळ्यांच्या दुकानाची भिंत म्हणजे नावापुरती फळी. पलीकडून चिगुसाचा शब्दन् शब्द ऐकू यायचा. वाडीच्या वेशीवरचा दोर, गाणं म्हणणाऱ्या मध्यस्थ बाई, पांढरी टोपी, सगळं ती रंगवून सांगायची. आणि मग आवाज चढवून म्हणायची, “या उंबऱ्याशी मी माझ्या माहेरचं पाणी प्यायले.” त्याच वेळी खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या मात्सुए-सान पाहुण्यांना चहा करते म्हणून उठून आत जायच्या. दर वर्षी, त्याच वाक्याला. म्हातारीला सुनेचं कौतुक ऐकवत नाही, असं किनुए-सानला वाटायचं. फळीच्या अलीकडे ती दोऱ्याची रिळं लावत बसायची आणि तिचे कान जळायचे. आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून, एवढ्या अभिमानाने, तेही परक्या लोकांना सांगितलं जातंय. एका वसंतात ती दुकान बंद करून बहिणीकडे निघून गेली, पण तिथेही वेळ झाली की ते वाक्य आपोआप कानात वाजलं.

नववर्षाच्या भूकंपात गल्लीचे कितीतरी दर्शनी भाग कोसळले. जाळ्यांचं दुकान तिरकं झालं पण उभं राहिलं. डोंगरापलीकडे मात्र चिगुसाच्या माहेरचं घर गेलं आणि झराही आटला. जमिनीने पाणी दुसरीकडे वळवलं म्हणतात. भरपाई करायला आता थेंबही नव्हता. पुढच्या हिवाळ्यात मात्सुए-सान अंथरुणाला खिळल्या. चिगुसाने सगळं केलं. अंघोळ, औषध, पेज, कशातही कसूर नाही. बघायला गेलेल्या किनुए-सानला दिसलं की सून चमचा पुढे करते, सासू तोंड उघडते, आणि दोघींपैकी कुणीही बोलत नाही. मात्सुए-सानने किनुएकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग डोळे मिटून घेतले. महिनाअखेरीस त्या गेल्या.

या वर्षीचं प्रदर्शन त्यांच्याशिवायचं पहिलं. फळीपलीकडे चिगुसाची गोष्ट नेहमीच्या जागी आली, दोर झाला, टोपी झाली, आणि मग ती थांबली. पुढचं वाक्य आलंच नाही. लग्न ठरलेली एक मुलगी समोर असावी. तिने विचारलं, मग ते पाणी चवीला कसं लागलं? चिगुसा म्हणाली, “आठवत नाही.” किनुए-सानच्या हातातलं रीळ खाली पडून घरंगळत गेलं. घर गेलं, झरा गेला, आता चवही गेली. तिला वाटलं, आपण हिचं सगळंच नेलं. आज नाही सांगितलं तर हे घेऊनच आपण जाणार, आणि तसं जायची तिला भीती वाटली.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती शेजारी गेली. चिगुसा पडदा उतरवून घडी घालत होती. किनुए-सानने बसायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर बसल्यावर नेहमीप्रमाणे राहिलं असतं. दोर, गाणं, ओली सीट, नळ. शेवटी कपाळ चटईला टेकवून ती म्हणाली, “तू प्यायलीस ते सगळं नळाचं पाणी होतं. तुझ्या माहेरचा त्यात थेंब नव्हता. माझ्या हातून सांडलं.” तो शब्द इतक्या वर्षांनी तोंडातून निघाला आणि तिला रडू आलं.

चिगुसा रडली नाही, चिडलीही नाही. घडी घालायचे तिचे हात मध्येच थांबले होते.

“नळाचं होतं हे मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पहिल्या घोटालाच कळलं. त्या झऱ्यावर वाढलेल्या पोरीला कळणार नाही?”

किनुए-सानने डोकं वर केलं. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं तिने विचारलं. 

“मला वाटलं, आईंनी ओतून दिलं,” चिगुसा म्हणाली. आई म्हणजे सासू. “आमच्या पाण्याला लोक नावं ठेवतातच. वाटलं, माहेर दाराबाहेर सोडून ये, हे सांगायची ही यांची रीत. म्हणून तर दर वर्षी ते वाक्य मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. त्या उठून जायच्या. मला वाटायचं, लागतं यांना.”

 मात्सुए-सान नळापाशी आल्या होत्या, त्यांनी डाग पाहिला होता, फडकं दिलं होतं, हे किनुए-सान तुटक तुटक बोलली.

“म्हणजे त्यांना ठाऊक होतं,” चिगुसा म्हणाली. तिने पडद्यावरच्या घरचिन्हावरून हात फिरवला. “तुमच्याकडे एकदा तो काळा चहा प्यायले ना मी, त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा त्यांना तोंडावर विचारलं. माझ्या माहेरचं पाणी तुम्ही टाकून दिलंत ना? त्या भांडी पुसत होत्या. मान खाली घातली आणि पुसत राहिल्या. मी समजले, कबूल आहे.”

आता किनुए-सानला सगळं दिसलं आणि ते बघवेना. एवढी वर्षं ती भलत्याच गोष्टीसाठी झुरत होती. पाण्याने काहीच बिघडवलं नव्हतं. तिच्या गप्प बसण्याने बिघडवलं होतं. शेजारणीची अब्रू राखायला त्या घाव घालणाऱ्या तोंडाच्या बाईने सुनेचा राग आयुष्यभर मुकाट्याने स्वतःच्या अंगावर घेतला, आणि शेजारीण फळीच्या अलीकडे बसून म्हातारीला सुनेचं कौतुक सोसत नाही असं म्हणत राहिली. शेवटच्या दिवसांत त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं ते काय होतं, हेही तिला आता कळलं. तेव्हा ती एक वाक्य बोलली असती तर पेजेचा चमचा पुढे करणारी सून त्यांच्याशी बोलली असती. किनुए-सान माफ कर, माफ कर म्हणत पुन्हा वाकली.

“मला काय सांगता?” चिगुसा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण त्यात जराही मऊपणा नव्हता. “मला सांगून काय उपयोग? सांगायचंच होतं तर त्या असताना सांगायचं होतंत. जा, त्यांना सांगा.”

तिने आतल्या खोलीचं सरकतं दार उघडलं, देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली आणि बाजूला झाली. मात्सुए-सानचा फोटो नवा होता. त्यातही त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. किनुए-सान गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. हात जोडले.  नवऱ्या मुलाच्या आईला मध्यस्थ बाईने म्हणायचे ते जुने, मानाचे शब्द तोंडाशी आले, ते तिने गिळले.

“मात्सुए-सान,” ती म्हणाली, “ते पाणी मी सांडलं होतं.”

पुढचं बोलायला तिला फार वेळ लागला. मागे चटईवर हालचाल झाली म्हणून तिने वळून पाहिलं. चिगुसा तिच्या मागे, रांगेत थांबल्यासारखी, गुडघे टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळलेले होते.

“सावकाश होऊ द्या,” ती म्हणाली. “तुमचं झालं की सरका. मलाही बोलायचंय.”